वीस फुटांत किती माणसं?

पत्र्याच्या डब्यात माणसाला राहायला लावू नये, असं मी बरीच वर्षं तावातावाने सांगत आलो. गंमत अशी, की माझा धंदा तेच डबे बनवण्याचा. रबाळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पोर्टा केबिन, वॉचमन केबिन, साइट ऑफिस, फिरती शौचालयं असं काम चालतं. लेबर कॉलनीची चौकशी आली की मी कोटेशन द्यायचो खरा, पण फुकटचा सल्लाही जोडायचो, की ऑफिस आमच्याकडून घ्या, मजुरांना मात्र विटांच्या खोल्या बांधून द्या. भागीदार कपाळावर हात मारायचा. गिऱ्हाईकही हसायचं आणि दुसऱ्या वर्कशॉपचा रस्ता धरायचं.

हे मत मी कुठे वाचलेलं नव्हतं. ते तळवलीत, घरातच तयार झालं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला आमची गावठाणं. शेतं नि मिठागरं गेली तशी उरलेल्या जागेत लोकांनी खोल्या चढवल्या आणि कंपनीतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. आमचीही चाळ होती. खालच्या खोल्यांना विटांच्या भिंती, वरचा माळा सगळा पत्र्याचा. वरचं भाडं कमी, म्हणून वर नेहमी नाइट शिफ्टवाले. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस सकाळी यायचा आणि भर दुपारी झोपायचा प्रयत्न करायचा. एप्रिल-मेमध्ये ते पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायचे. तासाभरात गोणपाट कडकडीत वाळायचं, की कोणीतरी उठून पुन्हा बादली ओतायचा. आई म्हणायची, पत्र्याखाली माणूस शिजतो. भाडं मात्र आम्ही घेतच होतो.

त्यामुळे हिमालयातल्या रस्त्याच्या एका कामासाठी मजुरांच्या निवासाची चौकशी आली, तेव्हा माझं उत्तर तयार होतं. इथे पत्रा माणूस शिजवतो, तिथे गोठवेल. लडाखचे लोक शेकडो वर्षं मातीच्या विटांत, दगडांत राहतात, तसंच बांधा. जाड भिंत, लहान खिडक्या, वर मातीचं छप्पर. त्या ठेकेदाराच्या इंजिनिअरला मी हे फोनवर बराच वेळ ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बांधणार कोण? आणि ते बांधून होईपर्यंत बांधणारे झोपणार कुठे?"

त्या वेळी मला हा प्रश्न ठेकेदारी चलाखीचा वाटला. नंतर तो डोक्यातून गेला नाही.

उंचावर बांधकामाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो. थंडीतल्या काँक्रीटसाठी आपल्याकडे आयएस ७८६१ च्या दुसऱ्या भागात नियम दिलेले आहेत. तापमान ५ अंशांच्या खाली गेलं, की पाणी गरम करा, खडी गरम करा, ओतलेलं काँक्रीट झाकून ठेवा, हे सगळं सुरू होतं. नाहीतर सिमेंट धरायच्या आत त्यातलं पाणी गोठतं आणि ताकद कायमची जाते. म्हणजे मे-जूनमध्ये रस्ता उघडला, माणसं वर पोचली, की त्यांनी पहिल्यांदा स्वतःची घरं बांधायची म्हटलं तर हंगामाचा मोठा भाग त्यातच जाणार. तोवर ती तंबूत. आणि घरं राहण्याजोगी होतील तेव्हा परतीची वेळ झालेली. सीमा सडक संघटनेच्या कामांवर झारखंडच्या दुमका भागातून मजूर नेण्याची जुनी रीत आहे. जून २०२० मध्ये तर लॉकडाऊननंतर त्यांच्यासाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सुटली. ही माणसं हंगामाला जातात आणि हंगामाबरोबर परततात. त्यांच्यासाठी दगडी बराक कोण बांधणार, हा प्रश्न माझ्या सल्ल्यात कुठेच नव्हता. संघटनेचं मनुष्यबळ असलेल्या ग्रेफ या दलाचं केंद्र आपल्या पुण्याजवळ, दिघीला आहे. तिथून वर गेलेल्या आपल्या मुलांना विचारलं तर तीही हेच सांगतात, की वर पहिली लढाई कामाशी नसते, रात्रीशी असते.

पण हंगामापेक्षाही मला हलवलं ते कायद्याच्या एका कलमाने. एका निविदेच्या निमित्ताने बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा मुळातून वाचला. आता तो नव्या कामगार संहितेत विलीन झाला आहे, पण तेव्हा तोच चालत होता. त्याचं ३४ वं कलम सांगतं, की मालकाने काम चालू असेतोवर कामगारांना मोफत तात्पुरता निवारा द्यायचा, त्यात स्वयंपाकाची, अंघोळीची, धुण्याची, संडासाची वेगळी सोय हवी. इथवर उत्तम. पुढे म्हटलंय, की काम संपल्यावर मालकाने तो निवारा स्वतःच्या खर्चाने हटवायचा किंवा पाडायचा आणि जागा सपाट, स्वच्छ करून द्यायची.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. जी भिंत दोन-तीन वर्षांनी स्वतःच्याच पैशाने पाडायची आहे, ती जाड कोण बांधेल? तिच्यावर दोन इंच जास्तीचं इन्सुलेशन कोण चढवेल? ठेकेदार वाईट असतो म्हणून लेबर कॅम्प वाईट असतात, असं मी समजत होतो. काही वाईट असतातही. पण चांगल्या ठेकेदारालासुद्धा हिशोब वाईट कॅम्पकडेच ढकलतो. वीट-सिमेंटची खोली त्याच्या वहीत निव्वळ खर्च आहे, पाडायच्या मजुरीसकट. डबा मात्र त्याची मालमत्ता आहे. या कामावरून पुढच्या कामावर जातो, विकला तर पैसे येतात. जी वस्तू दहा वर्षं वापरायची, तिच्यावर दोन पैसे जास्त घालायला मालकाला निदान कारण तरी असतं. मजुरांसाठी पक्कं घर मागताना मी, नकळत का होईना, त्यांच्यासाठी ताडपत्रीच मागत होतो. कारण पक्कं घर कधीच होत नाही, आणि त्याची वाट बघताना जे उभं राहतं ती ताडपत्री असते. आपल्या ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या बघा. पिढ्यान् पिढ्या हंगाम येतो, हंगाम जातो, आणि कारखान्याच्या आवारात त्याच कोप्या उभ्या राहतात.

मग भिंतींचा हिशोब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता, कारण आकडे माझ्याच कॅटलॉगमध्ये छापलेले होते. नऊ इंची विटेची भिंत, आत-बाहेर दर अंशाच्या फरकाला, एका चौरस मीटरमधून साधारण दोन वॅट उष्णता बाहेर सोडते. ५० मिलिमीटरचं पफ पॅनल, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेला पॉलियुरेथेन फोम, अर्ध्या वॅटपेक्षाही कमी. दीड फुटी दगडी भिंत या परीक्षेत विटेच्या पुढे नाही, मागेच. तिची खरी शक्ती वेगळी आहे. ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू परत देते. पण त्यासाठी घर दक्षिणेला तोंड करून, नीट विचाराने बांधावं लागतं. घाईघाईत रचलेल्या बराकीला ते पुण्य लाभत नाही. तळवलीच्या माळ्यावर जो शिजवत होता तो नुसता पत्रा होता, मध्ये फोम नसलेला. दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात म्हणून मी दोघांना एकच समजत होतो.

हे सगळं कागदावरचं. कागदावर पटलेल्या गोष्टी मी लवकर विसरतो. माणाची बातमी विसरलो नाही.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथच्या पुढे, माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या कामावरच्या मजुरांच्या कॅम्पवर हिमस्खलन आलं. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी ही माणसं आठ कंटेनर आणि एका शेडमध्ये राहत होती. ५४ जण अडकले. त्यांतले ४६ जिवंत निघाले, आठ गेले. लष्कराचा शोध तीन दिवस चालला होता. बर्फाच्या लोंढ्याने कंटेनर खेळण्यासारखे उचलून उताराला लोटले, काही तर सापडायलाच वेळ लागला. पण पोलादी चौकट असल्याने बरेचसे चेपून सपाट झाले नाहीत. आत हवेला जागा राहिली, त्या हवेवर माणसं तगली. तिथे माझ्या सल्ल्याप्रमाणे दगड रचलेल्या, मातीच्या छपराच्या खोल्या असत्या तर? मी इंजिनिअर आहे, तेव्हा खात्रीने उत्तर देणार नाही. पण ढासळलेल्या दगडांत पोकळी राहत नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि इथेच थांबून दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर हे पोर्टा केबिनचं माहितीपत्रक होईल. माणाच्या दुर्घटनेच्या आदल्याच दिवशी चंदिगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागाला हिमस्खलनाचा इशारा दिला होता. आणि चमोली जिल्ह्यातच, नीती खोऱ्यात सुमनाजवळ, एप्रिल २०२१ मध्ये अशाच मजुरांच्या कॅम्पवर हिमस्खलन येऊन माणसं गेली होती, शेकड्यांनी सोडवावी लागली होती. डबा कितीही भक्कम करा, तो उतारावर कुठे ठेवायचा हे डबा ठरवत नाही. उलट डबा हलवता येतो, ही त्याची खरी मोठी सोय आहे. इशारा आला की माणसं हलवा, हंगाम बदलला की कॅम्प हलवा. दगडी बराकीला ते जमत नाही. पण हलवता येणारी वस्तू प्रत्यक्ष हलवली जातेच असं नाही. माझ्या मतबदलाला माणाने जितका आधार दिला, तितकाच त्यात खोडाही घातला.

नंतर आमचे डबे लेहच्या पुढे एका कामावर गेले, तेव्हा जोडणीसाठी मीही गेलो. चाळीस फुटी ट्रेलर घाटाच्या वळणांवर फिरत नाही, म्हणून माल नॉक-डाऊन पाठवला होता. पॅनल वेगळी, चौकटी वेगळ्या, जागेवर जोडायचं. जोडून झालं, रात्र गेली, आणि सकाळी आत पाहतो तर भिंतीवर पांढरे ठिपके. ओळीने, एकसारख्या अंतरावर. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाचा मणी धरला होता. पॅनल बाहेरच्या चौकटीला धरून ठेवणारे सेल्फ-टॅपिंग स्क्रू आरपार गेलेले. फोम थंडी अडवतो, पण लोखंडी स्क्रू ती सरळ आत आणून देतो, चुलीवरच्या कढईचा कान जसा हात भाजतो तसा. सहा माणसांच्या श्वासातली वाफ त्या गार डोक्यांवर जमली आणि गोठली. ऊन चढलं तसे ते मणी वितळून खालच्या गोधडीवर टपकायला लागले. मजुरांनी माझी वाट पाहिली नाही. पॅकिंगच्या थर्मोकोलचे चौकोन कापले आणि टेपने एकेका स्क्रूवर चिकटवले. संध्याकाळपर्यंत सगळ्या भिंतीला पांढरी ठिगळं. त्या भिंतीचा फोटो मी फोनवर काढून वर्कशॉपला पाठवला. आता आम्ही थंड भागासाठी आतलं नि बाहेरचं लोखंड एकमेकांना लागू देत नाही, मध्ये नायलॉनची पट्टी घालतो, आणि कोपऱ्याच्या खांबाला आतून वेगळं अस्तर देतो. पुस्तकात हे सगळं आहे. पण मुंबईच्या हवेत डबे बनवणाऱ्याला पुस्तक उघडायची वेळच येत नव्हती.

फटी जितक्या बंद कराव्या, तितका दुसरा धोका वाढतो. घट्ट बंद केलेल्या डब्यात बुखारी, म्हणजे खोली तापवायची धुराड्याची शेगडी पेटवली, किंवा रात्री कोणी कोळशाची शेगडी आत घेतली, तर कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो. वाऱ्याने गळणाऱ्या तंबूत ही भीती त्या मानाने कमी. म्हणजे चांगली भिंत दिली की हवेचा झरोका, धुराड्याचा बाहेरपर्यंत पाइप आणि ते बंद न करण्याची शिस्त, ही तिन्ही दिलीच पाहिजेत. पफला आग लागली तर धूर विषारी असतो, म्हणून बुखारीमागची भिंत रॉकवूलची हवी. रॉकवूल जड, आणि सांध्यातून पाणी गेलं तर निकामी. असा एकेक तपशील खर्च वाढवत जातो. गिऱ्हाईक विचारतं, "एवढं सगळं लागतंच का?" लागतं.

चांगलं उदाहरण शोधत मी हिमालयाऐवजी गोव्यात पोचलो. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरचं आपलं भारती हे स्थानक तेच चालवतं. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे स्थानक १३४ मालवाहू कंटेनर जोडून बांधलंय. बाहेरून कळत नाही, कारण त्यावर वाऱ्याला वाट देणारं कवच चढवलंय आणि सगळी इमारत पायांवर उचललेली आहे, म्हणजे बर्फ खालून निघून जावा. यापूर्वीचं दक्षिण गंगोत्री स्थानक बर्फात गाडलं गेलं, तो धडा त्यात उतरलाय. जो डबा मजुराला दिला तर कमीपणा वाटतो, त्याच डब्यात शास्त्रज्ञ हिवाळा काढतात आणि देशाला त्याचा अभिमान वाटतो. फरक पत्र्यात नाही. तिथे राहण्याच्या खोल्या दोघांच्या आहेत.

दोघांच्या, हे वाचून मी आणखी एक जुना कागद काढला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचे १९८० चे केंद्रीय नियम. त्यात एकट्या राहणाऱ्या कामगारासाठी बराकीत माणशी साडेसहा चौरस मीटर जागा सांगितली होती. वीस फुटी कंटेनरची आतली जमीन भरते सुमारे चौदा चौरस मीटर. भागाकार करा, दोनच माणसं. म्हणजे नियमाच्या हिशोबात दुमक्याचा मजूर आणि अंटार्क्टिकाचा शास्त्रज्ञ एका ओळीत बसतात. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये त्याच जागेत सहा बंक असतात, कधी आठ. त्याच नियमांत थंडीच्या कपड्यांचंही होतं. तापमान २० अंशांखाली गेलं तर दर दोन वर्षांनी लोकरीचा कोट आणि पँट, ५ अंशांखाली गेलं तर वर ओव्हरकोटही, दर तीन वर्षांनी एक. कोट कितव्या अंशाला द्यायचा हे लिहिलं होतं, पण भिंत किती जाड असावी, खोली रात्री किती अंशांवर राहावी, हे नव्हतं. निविदांतही लेबर कॅम्प बहुधा ठेकेदाराच्या दरात 'समाविष्ट' असतो. ज्याची वेगळी ओळ नाही, त्याचा दर्जा कोण तपासणार?

म्हणून मी आता पत्रा की वीट हा वाद घालत नाही. घर चांगलं की वाईट हे निविदेच्या कागदावर ठरतं. माणशी जागा किती, रात्रीचं तापमान किती धरायचं, बुखारीचं तेल कोणाच्या खात्यात, उताराची तपासणी कोणी केली. हे लिहिलेलं असेल तर मला डबा चालेल. लिहिलेलं नसेल तर राजवाडाही सहा-सहा बंकांचाच होतो.

तेलाचं मला सगळ्यात अवघड वाटतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनम वांगचुक यांनी गलवानसाठी सौर ऊर्जेवर तापणारा लष्करी तंबू दाखवला. बाहेर उणे १४, आत रात्री दहाला अधिक १५, दहा जवानांची सोय, आणि प्रत्येक सुटा भाग ३० किलोंच्या आत, म्हणजे माणसाला उचलता येईल असा. आमच्या नॉक-डाऊनला हा धडा सरळ लागू आहे. दक्षिणेकडची भिंत काचेची, तिच्यामागे उष्णता साठवणारं काहीतरी. पण आमच्या गिऱ्हाइकांना सहा महिन्यांनी डबा दुसरीकडे न्यायचा असतो. तिथे दक्षिणेला डोंगर आला तर? यावर माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही. राहिला वेग. आपल्याकडे सिडकोने २०२२ मध्ये बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत प्रीकास्टने उभी केली, तेव्हा वेगाचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं. वर वेग लागतोच, पण वेगाने काम भागत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ गावांत शिक्षक, बसचालक, नर्स यांना परवडतील अशी घरं कारखान्यात बनवून ट्रकने वर नेतात, कारण तिथेही बर्फामुळे बांधकामाचा हंगाम तोकडा. ती मात्र कायमची घरं आहेत. आपल्या हिमालयातल्या पदुमला किंवा काझाला बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाचा, लाइनमनचा विचार या रीतीने व्हायला हरकत नाही. आमच्याकडे अशी चौकशी अजून आलेली नाही.

भागीदार आता उलट बाजूने वैतागतो. पूर्वी मी गिऱ्हाइकाला विटांकडे पाठवायचो. आता मी वीस फुटी डब्याच्या कोटेशनमध्ये छापतोच, बंक : २. परवा एका ठेकेदाराने ती ओळ खोडून ६ लिहिलं आणि परत पाठवलं. मी नियमाची प्रत जोडली. त्याने फोन केला, भाव केला, मीही थोडा नमलो. चार बंकांवर आणि १०० मिलिमीटरच्या पॅनलवर बोलणं आलंय. झरोका आणि धुराड्यावर मी हटलेलो नाही. तेल कोणाच्या खात्यात, ते तो ऑफिसला विचारून सांगणार आहे.